मोटारसायकलने आफ्रिकेतल्या सीमा ओलांडताना: कागद, खिडक्या आणि दलाल

पासपोर्टवर शिक्का बसला, आडवा दांडा वर गेला, आपण पुढे निघालो. गाडी मात्र कागदोपत्री मागच्याच देशात राहिली. परदेशात स्वतःची मोटारसायकल नेणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. ती सीमेवर लक्षातही येत नाही. सहा-आठ महिन्यांनी, गाडीच्या हमीसाठी भरलेली अनामत परत मागायला गेल्यावर कळतं.

सीमेवर माणूस आणि गाडी हे दोन वेगळे प्रवासी असतात. माणसाचं काम इमिग्रेशनमध्ये, गाडीचं कस्टममध्ये. दोघांचं एका देशातून निर्गमन आणि दुसऱ्या देशात प्रवेश, म्हणजे एकूण चार नोंदी. चारही नोंदी स्वतः डोळ्यांनी पाहायच्या. दलाल रांग दाखवेल, भाषा सांभाळेल, पण नोंद बरोबर झाली की नाही हे तपासणं त्याचं काम नाही आणि त्यात त्याचा काही तोटाही नाही.

हा लेख केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतचा मार्ग धरून लिहिला आहे: न्हावा शेव्याहून कंटेनरमधून मोम्बासा, पुढे नामांगावरून टांझानिया, तुंदुमा-नाकोंडेवरून झांबिया, काझुंगुलावरून बोट्सवाना आणि मार्टिन्स ड्रिफ्टवरून दक्षिण आफ्रिका. हिमालयन, केटीएम ३९० किंवा मोठी गाडी, कुठलीही असो, प्रक्रिया तीच.

१. कार्नेट: गाडीचा पासपोर्ट, आधी हा

कार्नेट द पासाज म्हणजे गाडी तात्पुरती आणली आहे, विकणार नाही, परत नेणार आहे, याची हमी. ती हमी आपल्या वतीने ऑटोमोबाइल संघटना घेते आणि त्यासाठी आपल्याकडून अनामत किंवा बँक गॅरंटी घेते. मुंबईत हे काम वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे होतं. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कोणत्या देशांत जाणार त्यावर ठरते, म्हणून अर्ज करण्याआधी देशांची यादी पक्की करा.

पुस्तिका ५, १० किंवा २५ पानांची मिळते आणि एक वर्ष चालते. या मार्गाला कागदावर पाच पानं पुरतील असं वाटतं, तरी दहा पानांचीच घ्या. एखाद्या अधिकाऱ्याने चुकीचा भाग फाडला किंवा केनियात परत यावं लागलं, तर पाच पानांच्या पुस्तिकेत जागाच उरत नाही.

हातात आल्यावर काउंटर सोडण्याआधी या गोष्टी ताडून पाहा:

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळतो का? शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. रंग, बनावटीचं वर्ष, सुटे टायर किंवा बॉक्स यांची नोंद बरोबर आहे का? कार्नेट कुठे चालतं त्या देशांच्या यादीत आपल्या मार्गावरचा एखादा देश खोडलेला तर नाही ना? चालकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे का?

गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र हवं. कर्जावर असेल तर बँकेचं ना हरकत पत्र हवं, आणि ते मिळायला वेळ लागतो. हा कागद सगळ्यांत आधी मागायला घ्या.

इशारा: भारतातून गाडी निघताना आपल्या कस्टमकडून निर्यातीची नोंद नीट करून घ्या. परत येताना ‘हीच ती गाडी’ हे दाखवायला तोच आधार असतो. घाईत शिपिंग एजंट ही नोंद अर्धवट सोडून देतात.

२. बाकीचे कागद

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओमधून मिळतो, अर्ज नमुना ४ए. मुदत एक वर्ष. निघण्याच्या महिनाभर आधी काढा, फार लवकर काढलात तर शेवटच्या देशात मुदत संपेल. मूळ परवानाही सोबत लागतो.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. केनियातून टांझानियात किंवा पुढे जाताना आरोग्य खिडकीवर हे पिवळं पुस्तक मागतात. ते नसेल तर सीमेवरच लस टोचून घ्या किंवा पैसे द्या, असा प्रस्ताव येतो. भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्नेटनंतर याच कागदाला जपा.

व्हिसाबद्दल एकच गोष्ट बजावून सांगायची आहे. पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांपुरता आहे, टांझानिया त्यात नाही. नाव वाचून लोक गृहीत धरतात आणि नामांगाला अडकतात. केनियासाठी जानेवारी २०२४ पासून आधी ऑनलाइन मंजुरी काढावी लागते. बाकी देशांचे नियम सरकारी संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा, कारण भारतीयांसाठी ते अधूनमधून बदलतात.

विम्यासाठी कोमेसा (पूर्व आणि दक्षिण आफ्रिकी देशांचा व्यापारी संघ) यलो कार्ड. हे तृतीय पक्ष विम्याचं प्रादेशिक कार्ड आहे. केनियात स्थानिक तृतीय पक्ष विमा घेताना त्याला जोडून घ्यायचं. टांझानिया, झांबिया, झिम्बाब्वे, युगांडा, रवांडा असे बरेच देश त्यात येतात. कार्डावर देशांची यादी असते आणि ज्यांचा विमा घेतलेला नाही ते देश खोडलेले असतात. आपला देश खोडलेला नाही, नंबर प्लेट बरोबर आहे, तारखा पूर्ण प्रवास झाकतात, हे तिथेच पाहा. बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिका या कार्डात येत नाहीत. बोट्सवानात सीमेवरच्या शुल्कासोबत विमा मिळतो. दक्षिण आफ्रिकेत अपघातातल्या शारीरिक इजेची भरपाई इंधनावरच्या अधिभारातून चालणाऱ्या निधीतून होते, त्यामुळे तिथे ‘सक्तीचा विमा’ विकणाऱ्याकडे वळू नका.

प्रत्येक कागदाच्या दहा-दहा झेरॉक्स, संच करून, क्लिप लावून ठेवा. पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा, आरसी, परवाना, कार्नेटचं मुखपृष्ठ, यलो कार्ड. सीमेवरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायला लागलं की कागद हातातून सुटतात आणि दलालाला ‘मी आणतो’ म्हणायला वाव मिळतो. शिवाय आरसीची रंगीत, लॅमिनेट केलेली प्रत वेगळी ठेवा. रस्त्यावरच्या पोलिसाला तीच द्यायची.

गाडीच्या मागे ‘आयएनडी’ असा लंबगोल स्टिकर लावा. आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर कुठे कोरलेत ते स्वतःला माहीत असू द्या. अधिकारी बाहेर येऊन बघतो म्हणाला आणि नंबर चिखलाखाली किंवा क्रॅश गार्डच्या आड असला तर अर्धा तास जातो. टँक बॅगेत एक फडकं आणि छोटा टॉर्च ठेवा.

३. सामानातून आधीच काढायच्या वस्तू

आपण पावसाळी देशातले, त्यामुळे कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून बॉक्समध्ये भरायची सवय. केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे. नामांगाला सामान उघडायला लावलं तर त्या काढून टाकाव्या लागतात, आणि त्यावरून वाद घालणं म्हणजे स्वतःहून तपासणी लांबवणं. जाड, शिवलेल्या ड्राय बॅग वापरा.

ड्रोन नेऊ नका. केनियात आगाऊ परवानगीशिवाय आणलेला ड्रोन प्रवेशाच्या ठिकाणी जप्त होतो. बोट्सवानात लाळ्या-खुरकुताच्या नियंत्रणासाठी कच्चं मांस आणि दुग्धजन्य पदार्थ काढून घेतात, बूट आणि कधी टायरही जंतुनाशकाच्या पाण्यातून न्यायला लावतात. त्या दिवशी खाण्याचा साठा सीमेच्या अलीकडेच संपवा.

४. पैसे: किती आणि कोणते

अमेरिकन डॉलर लागतातच. २०१३ नंतरच्या मालिकेतल्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या नोटा न्या. जुन्या नोटा बँकासुद्धा परत करतात. सरकारी शुल्कासाठी १, ५, १० आणि २० च्या नोटा हव्यात, कारण खिडकीवर सुट्टे नसतात आणि ‘सुट्टे आणून देतो’ म्हणणारा लगेच बाजूला उभा राहतो. बदलून घ्यायला मात्र ५० आणि १०० च्या नोटांना चांगला दर मिळतो.

पैशांचे तीन भाग करा. सीमेवर लागणारी अंदाजे रक्कम जॅकेटच्या वरच्या खिशात, एक छोटा राखीव हिस्सा पाकिटात, बाकी अंगाला लावलेल्या पट्ट्यात. पट्टा सीमेवर कुणासमोरही उघडायचा नाही.

सीमेवरच्या नोटा बदलणाऱ्यांकडे जावंच लागलं तर दर आदल्या दिवशी पाहून ठेवा, हिशोब आपल्या फोनवर करा, त्यांच्या कॅल्क्युलेटरवर नाही. त्यांचे पैसे आधी घ्या, दोनदा मोजा, खिशात टाका, मगच आपली नोट द्या. मोजून झाल्यावर ‘एक नोट कमी आहे वाटतं’ म्हणून गड्डी परत घेतली, तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजा. नेमक्या त्या क्षणी मधल्या नोटा गायब होतात.

इशारा: झांबियाने जानेवारी २०१३ मध्ये क्वाचावरची तीन शून्यं काढली. जुन्या ५०,००० च्या नोटा आजही अनोळखी माणसाच्या गळ्यात मारल्या जातात. त्यांची किंमत शून्य आहे. एटीएममधून काढलेली एक नोट जवळ ठेवा आणि बाकी तिच्याशी ताडून पाहा.

५. दलाल घ्यायचा का?

इथे दोन जातींची माणसं एकाच नावाने वावरतात. एक, परवानाधारक क्लिअरिंग एजंट. याचं काम कायद्याने ठरलेलं असतं. मोम्बासा बंदरातून कंटेनरमधली गाडी सोडवायला असा एजंट लागतोच, तिथे स्वतः करण्याचा हट्ट धरू नका. दोन, सीमेवर गाडी थांबताच धावत येणारा फिक्सर. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, हातात फाइल, तोंडात ‘एजंट’ हा शब्द. आपल्याकडे आरटीओच्या दारात जशी माणसं उभी असतात, तशीच ही. यातले काही जण खरोखर उपयोगी आणि सचोटीचे असतात, पण फाइल बघून ते ओळखता येत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. नामांगा, काझुंगुला आणि मार्टिन्स ड्रिफ्ट इथे फिक्सरची गरज नाही. तुंदुमा-नाकोंडेला, ट्रकांची गर्दी असताना आणि आपण एकटे असताना, एक माणूस घेण्यात शहाणपण आहे. झिम्बाब्वेमार्गे बेटब्रिजला (झिम्बाब्वे-दक्षिण आफ्रिका सीमा) जाणार असाल तर तिथेही, पण जमल्यास ती सीमा टाळून बोट्सवानातून जा.

मोम्बासाचा एजंट गाडी जहाजावर चढण्याआधीच ठरवा. त्याला लेखी विचारा: बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याचा कागद) कसं सोडवणार, डिलिव्हरी ऑर्डरचे (माल ताब्यात देण्याच्या आदेशाचे) पैसे किती, कंटेनर कोणत्या यार्डात उतरणार, मोफत साठवणुकीचे दिवस किती, आणि त्यानंतर दर दिवसाचं भाडं किती. घोळ नेहमी साठवणुकीच्या भाड्यात होतो. कागद एक दिवस उशिरा पोचला की भाडं सुरू होतं आणि त्याचा दोष कुणाकडेच नसतो. म्हणून जहाज लागण्याच्या दोन-तीन दिवस आधी स्वतः मोम्बासात पोचा. कार्नेटवरचा केनियाच्या प्रवेशाचा शिक्का एजंटच्या ऑफिसात पाहू नका, कस्टमच्या खिडकीवर त्याच्यासोबत उभं राहून मारून घ्या.

फिक्सर घ्यायचा ठरला तर या क्रमाने:

पहिलं, गाडी बंद करा, किल्ली काढा, हेल्मेट उतरवा, पाणी प्या. पाच मिनिटं कुणालाही हो म्हणू नका. जो सगळ्यांत आधी हात लावतो त्याला घेऊ नका.

दुसरं, एकच माणूस ठरवा आणि तो एकच आहे हे बाकीच्यांसमोर मोठ्याने सांगा. नाहीतर शेवटी ‘मी रांग धरली होती’, ‘मी गाडी राखली’ म्हणत तिघे पैसे मागतात.

तिसरं, सरकारी शुल्कं कोणकोणती आणि किती, हे त्याला आपल्या वहीत लिहायला लावा. त्याखाली त्याची मजुरी वेगळी लिहा, चलनासकट. ‘सगळं मिळून इतके’ हा सौदा कधीही करू नका. त्यात शुल्क फुगवलेलं असतं.

चौथं, शुल्क आपण खिडकीवर भरणार, कागद आपल्या हातात राहणार आणि मजुरी शेवटचा दांडा ओलांडल्यावर मिळणार, या तीन अटी आधीच सांगा. यातल्या एकीलाही तो नाही म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.

नको असेल तर शांतपणे, थांबून, डोळ्यांत बघून ‘हापाना, असांते’ म्हणा: नको, धन्यवाद. चालता चालता पुटपुटलेला नकार कुणी मोजत नाही. आणखी काही स्वाहिली शब्द कामी येतात. उहामिआजी म्हणजे इमिग्रेशन, फोरोधा म्हणजे कस्टम, रिसिती म्हणजे पावती, बीमा म्हणजे विमा आणि पिकिपिकी म्हणजे मोटारसायकल. हे पाट्यांवर वाचता आले की निम्म्या दलालांचं काम संपतं.

६. पोचण्याची वेळ

आदली रात्र सीमेपासून तासाभराच्या अंतरावर काढा आणि सकाळी सात-आठला पोचा. दुपारनंतर पोचलात तर दोन अडचणी होतात. कॅशियर जागेवर नसतो आणि काम संपेपर्यंत अंधार पडतो. या रस्त्यांवर रात्री चालवू नये: बिनदिव्यांचे ट्रक, गुरं आणि बोट्सवानाच्या उत्तर भागात हत्ती. शुक्रवारची संध्याकाळ, डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ईस्टर टाळा. बेटब्रिजला त्या दिवसांत माणसांचा पूर असतो.

टांझानिया आणि झांबिया यांच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे. टांझानियात नऊ वाजले असतील तेव्हा झांबियात आठ. तुंदुमाला ‘ऑफिस बंद होतंय, लवकर करा’ असं कुणी म्हणालं तर आधी हे लक्षात घ्या.

ट्रकांची रांग तीन-चार किलोमीटर असली तरी घाबरू नका. ती मालवाहतुकीची असते. कडेने हळू पुढे जा, छोट्या गाड्यांचं फाटक वेगळं असतं. ‘ही रांग ओलांडायला मला पैसे द्या’ ही मागणी सर्रास होते आणि ती खोटी असते.

७. खिडक्यांचा क्रम

नामांगा, तुंदुमा-नाकोंडे आणि काझुंगुला ही एकत्रित सीमाकेंद्रं आहेत. तिथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात, आणि ती इमारत आपण ज्या देशात जात आहोत त्या बाजूला असते. केनिया सोडताना केनियाच्या बाजूच्या मोठ्या इमारतीत शिरणं ही नेहमीची चूक. ती इमारत केनियात येणाऱ्यांची आहे. ती डाव्या-उजव्या हाताला सोडून पुढे जायचं आणि टांझानियाच्या इमारतीत थांबायचं. चुकीच्या इमारतीत शिरलेल्या माणसाला फिक्सर लांबून ओळखतो.

गाडी खिडकीतून दिसेल अशी लावा. दोघे असाल तर एक जण गाडीपाशी आणि एक आत. एकटे असाल तर टँक बॅग आणि हेल्मेट सोबत न्या, बॉक्सना कुलूप लावा आणि गणवेशातल्या रखवालदाराजवळ गाडी लावा.

आत क्रम असा:

क. आरोग्य खिडकी. पीतज्वराचं पुस्तक.

ख. सोडत असलेल्या देशाचं इमिग्रेशन. निर्गमनाचा शिक्का.

ग. सोडत असलेल्या देशाचं कस्टम. कार्नेटचा निर्गमन भाग. हीच खिडकी लोक चुकवतात. एकाच हॉलमध्ये दोन्ही देश असल्यामुळे पुढच्या देशाच्या खिडकीवरचा माणूस ‘या, इकडे’ म्हणतो आणि आपण जातो.

घ. पुढच्या देशाचं इमिग्रेशन. व्हिसा, शिक्का. किती दिवस लिहिले ते तिथेच वाचा.

ङ. पुढच्या देशाचं कस्टम. कार्नेटचा प्रवेश भाग.

च. रस्ता, कार्बन वगैरेची शुल्कं, विम्याची तपासणी.

छ. फाटक. चिठ्ठी किंवा शिक्के दाखवणं.

तपासा: ‘ङ’ सुरू करण्याआधी ‘ग’ पूर्ण आहे? नसेल तर तिथेच थांबा. परत फिरायला दहा मिनिटं लागतात. शंभर किलोमीटरवर आठवलं तर पूर्ण दिवस जातो आणि व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर नवी अडचण उभी राहते.

८. कार्नेटचं पान: इथे घाई नाही

प्रत्येक पानाचे आडवे तीन भाग असतात. सर्वांत खालचा भाग प्रवेशाचा, मधला निर्गमनाचा आणि सर्वांत वरचा काउंटरफॉइल. काउंटरफॉइल पुस्तिकेतच राहतं, आपला पुरावा तोच.

प्रवेशाच्या वेळी अधिकारी खालच्या भागावर आणि काउंटरफॉइलच्या प्रवेशाच्या रकान्यावर शिक्का मारतो, तारीख, सीमेचं नाव आणि सही टाकतो आणि खालचा भाग फाडून ठेवतो. निर्गमनाच्या वेळी मधला भाग आणि काउंटरफॉइलचा उरलेला रकाना. शेवटी पुस्तिकेत फक्त वरची पट्टी उरते, दोन शिक्क्यांची, दोन सह्यांची.

होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. फाडलेल्या भागावर शिक्का आणि काउंटरफॉइल कोरं. प्रवेशाला मधला भाग फाडला, मग निर्गमनाला द्यायला काही उरलं नाही. शिक्का आहे पण तारीख वाचता येत नाही. तारीख आहे पण सही नाही. आणि दिवसाला चार ट्रकांचे कागद करणारा, मोटारसायकलचं कार्नेट वर्षातून क्वचित पाहणारा अधिकारी चुकीच्या पानावरच सुरुवात करतो, कारण पुस्तिका उघडून आपण दिली नव्हती.

म्हणून पुस्तिका योग्य पानावर उघडून, क्लिप लावून द्या. प्रवेश आहे की निर्गमन हे तोंडाने सांगा. आधीच्या देशाचं नीट भरलेलं काउंटरफॉइल नमुना म्हणून दाखवा. नम्रपणे दाखवलं तर कुणाला राग येत नाही. शिक्का बसताना खिडकीवर उभे राहा. ‘बसा, बोलावतो’ म्हणाले तर हसून, ‘इथेच थांबतो’ म्हणा. परत मिळाल्यावर रांगेतून बाजूला होण्याआधी चार गोष्टी वाचा: भाग बरोबर, तारीख बरोबर, सही, सीमेचं नाव. मग, आवाराबाहेर पडल्यावर, त्या पानाचा फोटो.

कार्नेटची मुदत वर्षाची असली तरी अधिकारी काउंटरफॉइलवर त्या देशापुरती वेगळी मुदत पेनाने लिहू शकतो. व्हिसाचे दिवस आणि गाडीचे दिवस वेगवेगळे असू शकतात. दोन्हींतली आधीची तारीख फोनमध्ये लावा.

काही ठिकाणी कार्नेट हाताळायचा कंटाळा करून ‘तात्पुरता आयात परवाना देतो, कार्नेट राहू द्या’ असं सुचवतात. कार्नेट असेल तर त्यावरच नोंद करा. दोन्ही उघडले तर दोन्ही बंद करावे लागतात, आणि त्यातलं एक हमखास विसरतं.

९. पैसे भरताना

नियम एकच: पैसे खिडकीत, पावती हातात. टांझानियात सरकारी रकमेसाठी कंट्रोल नंबर तयार होतो आणि पैसे बँकेत किंवा मोबाइलवरून त्या नंबरावर भरले जातात. नंबर नाही, तर ती सरकारी रक्कम नाही. झांबियात रस्ता शुल्क, कार्बन कर आणि स्थानिक परिषदेची पट्टी अशा वेगवेगळ्या टेबलांवरच्या रकमा असतात. त्या खऱ्या आहेत. पण वेगळी टेबलं असल्यामुळेच त्यांच्यामध्ये एक खोटं टेबल घुसवणं सोपं जातं. पावतीवर छापील अनुक्रमांक, आपला गाडी क्रमांक आणि रक्कम नसेल तर पैसे देऊ नका.

अधिकाऱ्याने पावतीशिवाय काही मागितलं तर आवाज चढवू नका आणि पाकीटही काढू नका. ‘पावती मिळेल तर लगेच भरतो’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणा आणि थांबा. ज्याला घाई नाही त्याच्याकडून पैसे निघत नाहीत, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. फिक्सर ‘साहेबांसाठी’ म्हणून वेगळी रक्कम मागेल, ती साहेबांपर्यंत पोचते की नाही हा प्रश्नच नाही. लाच देणारा परदेशी माणूस आहे आणि गुन्हा त्याच्या नावावर लागतो.

सीमेच्या आवारात कॅमेरा बंद. हेल्मेटवरचा अ‍ॅक्शन कॅमेरा काढून बॅगेत ठेवा. तो चालू नसला तरी संशयाला पुरतो.

१०. या मार्गावरच्या सीमांच्या खास गोष्टी

नामांगा सर्वांत सोपी आहे, क्रम शिकायला उत्तम. पलीकडे गेल्यावर टांझानियाच्या गावांत वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे आणि गावाची हद्द संपल्याची पाटी येईपर्यंत ती लागू असते. पाटीच्या अलीकडे वेग वाढवणाऱ्यांसाठीच रडार लावलेलं असतं. दंड ३०,००० शिलिंग, पावतीसह.

तुंदुमा-नाकोंडेला धूळ, ट्रक आणि माणसं यांची सरमिसळ असते. इथे लागतील तितक्याच नोटा बदला, जास्त नाही. झांबियाची शुल्कं भरायला कार्ड चालेल असं धरून चालू नका.

काझुंगुलाला मे २०२१ पासून झांबेझीवर पूल आहे. जुन्या माहितीत फेरीचं तिकीट, फेरीची रांग, फेरीचे दलाल असं सगळं असतं, ते विसरा. ‘फेरीचा कर’ मागणाऱ्याला तर नक्कीच विसरा. पुलाचा टोल वेगळा लागतो.

मार्टिन्स ड्रिफ्टला एकत्रित इमारत नाही. लिम्पोपो नदीच्या दोन तीरांवर दोन कार्यालयं. पूल सखल आहे आणि जोरदार पावसात पाण्याखाली जाऊन सीमा बंद होते. जानेवारी ते मार्च या काळात आदल्या दिवशी चौकशी करून निघा. इथे कार्नेटचा एक महत्त्वाचा अपवाद आहे. दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश एका कस्टम संघात आहेत. काझुंगुलाला उघडलेलं पान संघातून बाहेर पडताना, म्हणजे उदाहरणार्थ डर्बनहून गाडी जहाजावर चढवताना बंद होतं. मार्टिन्स ड्रिफ्टला अधिकाऱ्याने सवयीने निर्गमनाचा भाग फाडायला घेतला तर आधी थांबवून विचारा. तो फाडलाच गेला, तर दक्षिण आफ्रिकेच्या खिडकीवर नवं पान उघडून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

११. काही राहून गेलं तर

निर्गमनाचा शिक्का राहिला आणि सीमा जवळ असेल तर परत जा. दुसरा कुठलाही उपाय यापेक्षा स्वस्त नाही. दूर गेला असाल तर संघटनेला त्याच दिवशी ईमेल करा: कोणतं पान, कोणती सीमा, कोणती तारीख. पुढच्या देशाचा प्रवेश शिक्का, पासपोर्टवरचा निर्गमन शिक्का, त्या दिवशीच्या इंधनाच्या पावत्या, सगळं जपा. गाडी त्या देशाबाहेर आहे हे दाखवणारे हेच कागद.

पासपोर्ट फिक्सरच्या हातात गेलाच असेल तर त्याच्या मागे धावू नका, सरळ इमिग्रेशनच्या खिडकीवर जाऊन सांगा. मजुरीवरून वाद झाला तर वहीतला आकडा दाखवा आणि तेवढेच द्या. माणसं गोळा झाली तर गणवेशातल्या माणसाजवळ जाऊन उभे राहा आणि तिथेच पैसे मोजा.

१२. परत आल्यावर

गाडी भारतात उतरली की कस्टमकडून परत आल्याची नोंद कार्नेटवर घ्या आणि शेवटच्या पानावरचं ठिकाणाचं प्रमाणपत्र भरून घ्या. गाडी सध्या कुठे आहे हे कस्टमने सहीशिक्क्यानिशी सांगितलेलं असतं, आणि मधल्या एखाद्या देशाचं काउंटरफॉइल अर्धवट असेल तर तेच कामी येतं. मग प्रत्येक पान स्कॅन करा, पुस्तिका मुदतीच्या आत संघटनेकडे जमा करा, जमा केल्याची पोच घ्या. बँक गॅरंटी सुटल्याचं पत्र येईपर्यंत स्कॅन, पावत्या आणि वही टाकू नका. एखाद्या देशाच्या कस्टमचं चौकशीपत्र संघटनेकडे काही महिन्यांनीही येऊ शकतं, आणि त्याला उत्तर द्यायची मुदत थोडी असते.